परराष्ट्र धोरणावरची व्याख्यानं: हॉलमध्ये नकाशा का नसतो?

कर्वेनगरचा_काका | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आत्ताच कार्यक्रमाहून आलोय, डोकं तापलंय, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोथरूडात आम्ही दहा-बारा जण मिळून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक कार्यक्रम करतो. विषय एकच, देशाबाहेर काय चाललंय. आधी वक्ता, मग प्रश्न, मग चहा. प्रवेश फुकट, हॉलचं भाडं वर्गणीतून.

हे काही ठरवून सुरू झालं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या बी विंगमधली एक मुलगी खारकीवला मेडिकलला होती. युद्ध लागलं त्या दिवशी तिच्या वडिलांनी युक्रेनच्या नकाशाची झेरॉक्स काढून लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर टाचली. पाणीकपातीच्या सूचनेवरच. रोज रात्री ते लाल पेनानं तिथे एक ठिपका काढायचे. २ मार्चला दूतावासाची सूचना आली, खारकीव ताबडतोब सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा, पेसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदोव्हका गाठा. संध्याकाळपर्यंत ही नावं आमच्यापैकी कुणाला उच्चारता येत नव्हती. रात्री दहापर्यंत सगळे जण वाकड, बाणेर, बालेवाडी म्हणावं तशी ती म्हणत होते. पोरगी अकरा-बारा किलोमीटर चालून पेसोचिनला पोचली. पुढे बस, मग रुमेनिया, मग विमान.

आल्यावर पंधरा दिवसांनी तिला आम्ही हॉलमध्ये बोलतं केलं. कागद नाही, स्लाइड नाही. भिंतीला तोच ठिपक्यांचा नकाशा. कुणीतरी विचारलं, खारकीवपासून रशियाची हद्द किती लांब गं? ती म्हणाली, चाळीस किलोमीटर. मागच्या रांगेतून एक आजोबा पुटपुटले, "म्हणजे आपलं तळेगाव." त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. कार्यक्रम सुरू ठेवायचं आम्ही त्या संध्याकाळी ठरवलं.

आणि आज? वक्ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले (नाव देत नाही, माणूस सज्जन आहे). विषय 'बदलती जागतिक व्यवस्था आणि भारत'. एक तास पन्नास मिनिटं. 'बहुध्रुवीय' हा शब्द तेवीस वेळा आला, मी मोजला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नकाशा एकही नाही. प्रश्नोत्तरांत पहिल्या गृहस्थांनी सात मिनिटं स्वतःचंच भाषण केलं. दुसऱ्यांनी नेहरूंनी सुरक्षा परिषदेतली जागा चीनला देऊन टाकल्याचं काढलं, तिसरे त्यावर उठले, माईकची ओढाओढ झाली आणि साडेआठला वॉचमननं दिवे घालवले. चहा तसाच राहिला.

पहिल्या वर्षी ऐंशी माणसं यायची. आज एकोणतीस, त्यात आम्ही अकरा आयोजक. बंद करावं का? तुमच्या भागात असं काही चालत असेल तर कसं चालवता?

काडीपेटी | शनिवार, रात्री १०:५२

नेहरू पहिल्याच पोस्टमध्ये! धाग्याची शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलके घ्या.)

पेठेतला_पाहुणा | शनिवार, रात्री ११:१५

काका, वाईट वाटून घेऊ नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून पुणेकर श्रोता प्रश्न विचारत नाही, वक्त्याची तोंडी परीक्षा घेतो. माझे आजोबा टिळक स्मारकात पहिल्या रांगेत घड्याळ काढून मांडीवर ठेवत. वक्ता ते पाहायचा आणि बरोबर वेळेत संपवायचा.

पण गंमत बघा, परदेशातले प्रश्न या गावाला काही नवीन नाहीत. गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे त्यांचं बोलणं 'जागतिक व्यवस्थे'वर नव्हतं. करार संपलेल्या हिंदी मजुरांकडून वर्षाला तीन पौंड कर घेत, त्यावर होतं. तिथल्या सरकारातल्या बोथा आणि स्मट्सना भेटले, कर जाणार असं समजून परत आले, तो गेला नाहीच, मग १९१३ चा सत्याग्रह झाला आणि १९१४ मध्ये तो रद्द झाला. तीन पौंड! विषयाला एवढी खुंटी असली की टोपी टांगता येते. तुमच्या वक्त्याकडे खुंटीच नव्हती, नुसती टोपी.

राष्ट्रहित_प्रथम | रविवार, सकाळी ७:०५

प्रश्न विचारणाऱ्याची चेष्टा का? जागा नाकारली होती हा इतिहास आहे. तो विचारायला बंदी आहे का कोथरूडात?

अनुस्वार | रविवार, सकाळी ९:३०

बंदी कशाला, प्रश्न उत्तमच आहे, फक्त त्याचं उत्तर दिलं जात नाही. मी विद्यापीठात संरक्षणशास्त्र शिकले, हा प्रश्न वर्षाला चार वेळा ऐकायचे.

१९५० मध्ये अमेरिकेकडून विजयालक्ष्मी पंडितांमार्फत आणि १९५५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांच्याकडून चाचपणी झाली, हे नेहरूंच्या पत्रव्यवहारात आणि टिपणांत आहे. आधी चीनचा प्रश्न सुटू दे, ही त्यांची भूमिकाही आहे. आणि २७ सप्टेंबर १९५५ ला याच नेहरूंनी लोकसभेत सांगितलं की औपचारिक वा अनौपचारिक असा कुठलाही प्रस्ताव आलेला नाही. दोन्ही कागद खरे आहेत.

पण खरी मेख तिसरीकडे आहे. कायम सदस्य बदलायचा तर संयुक्त राष्ट्रांची सनद दुरुस्त करावी लागते. कलम १०८: आमसभेत दोन तृतीयांश मतं, मग दोन तृतीयांश देशांची मान्यता, आणि त्यात पाचही कायम सदस्य हवेतच. म्हणजे तेव्हा चीनच्या खुर्चीवर बसलेल्या, तैवानात गेलेल्या चँग कै-शेकच्या सरकारनंही सही करायला हवी होती. ते सरकार १९७१ पर्यंत तिथे होतं. स्वतःची खुर्ची दुसऱ्याला द्यायला कोण सही करेल? अस्थायी जागा सहावरून दहावर नेण्याची दुरुस्ती १९६३ मध्ये मंजूर झाली, ती लागू व्हायला १९६५ उजाडलं. पाच कायम खुर्च्या आहेत तशाच आहेत.

एवढं सांगायला तीन मिनिटं लागतात. नेहरू बरोबर की चूक यावर त्यानंतरही भांडता येतं, पण मग भांडण तरी वरच्या इयत्तेतलं होतं. वक्त्यानं "हा वादाचा विषय आहे" म्हणून सोडून दिलं असेल तर माईक ओढला जाणारच.

राष्ट्रहित_प्रथम | रविवार, सकाळी ९:५८

कलम १०८ माहीत नव्हतं. तरी चाचपणीला होकार द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न उरतोच.

अनुस्वार | रविवार, सकाळी १०:०३

उरतोच. हाच प्रश्न विचारायला हवा होता काल.

संपादक मंडळ | रविवार, सकाळी ११:२०

चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा व्याख्यानांबद्दल आहे, पंतप्रधानांच्या क्रमवारीबद्दल नाही.

निफाडकर | रविवार, दुपारी १:४०

मी मूळचा निफाड तालुक्यातला, सध्या मोशीत नोकरी. तुमच्यासारख्या एका कार्यक्रमाला एकदा गेलो होतो, कोथरूडात नाही. विषय होता भारत-बांगलादेश संबंध. दीड तासात 'कांदा' हा शब्द आला नाही. मी म्हटलं हे दुसऱ्याच बांगलादेशाबद्दल बोलत असतील.

आमच्या घरी बांगलादेश म्हणजे लासलगावचा भाव. आपला कांदा वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त तिकडे गेलाय. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा भावाचा लाल कांदा शेतात काढून पडला होता. लाल कांदा कांदाचाळीत साठवून टिकत नाही, टिकतो तो उन्हाळ. म्हणजे थांबायची सोयच नाही, आज मिळेल त्या भावात घाला. आणि त्याच बंदीत, मार्च २०२४ मध्ये, बांगलादेशला ५०,००० टन आणि अमिरातीला १४,४०० टन द्यायला सरकारनं खास परवानगी दिली. म्हणजे कांदा बाहेर जात होता, पण दिल्लीनं ठरवलेल्या देशाला, ठरवलेल्या मापात. याला परराष्ट्र धोरण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? ४ मे ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि वर ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

२०१९ च्या बंदीच्या वेळी शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर सभेत हसत हसत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता कांदा घालू नको, आणि पुढच्या वेळी बंदी करण्याआधी आम्हाला जरा कळवत जा. सभागृह हसलं. आमच्याकडे कुणी हसलं नाही, कारण पुढे काय होतं ते ठाऊक असतं. गिऱ्हाईक चिडलं की इजिप्त, तुर्कस्तान, चीन, मिळेल तिथून घेतं, आणि एकदा दुसऱ्या दुकानाची सवय लागली की परत येताना घासाघीस करूनच येतं.

माझं म्हणणं एवढंच, की वक्ता राजदूतच कशाला पाहिजे? लासलगावचा एखादा अडत्या बोलवा. तीस वर्षं तो ढाक्याच्या भावावर नजर ठेवून आहे.

बंदरावरचा | रविवार, दुपारी ३:१०

निफाडकर, दंडवत! तुम्ही कांदा सांगितलात, मी द्राक्ष सांगतो. डिसेंबर तोच.

मी सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडे, काम करतो, न्हावा-शेवाची कागदपत्रं पुण्यातून बघतो. नाशिक-सांगलीचं द्राक्ष युरोपला जातं ते बहुतेक रॉटरडॅमला उतरतं. रीफर म्हणजे थंड कंटेनर, आत शून्य अंशाच्या आसपास तापमान, प्रत्येक पेटीत ग्रेप गार्डचा, म्हणजे द्राक्ष सडू नये म्हणून घालतात तो, कागद. वाट सरळ: अरबी समुद्र, एडन, बाब-अल-मंदेब, तांबडा समुद्र, सुएझ. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तिथे जहाजं अडवायला सुरुवात केली आणि डिसेंबरच्या मध्यात मोठ्या कंपन्यांनी वाट सोडली. त्यांची बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. दहा ते चौदा दिवस जास्त. आता द्राक्षाला चौदा दिवस म्हणजे काय ते बागाईतदाराला विचारा. देठ वाळला, काळा पडला की तिकडचा खरेदीदार मणी चाखूनही बघत नाही, देठ बघतो.

बाब-अल-मंदेबचा अर्थ अश्रूंचं दार. सगळ्यात अरुंद जागी रुंदी साधारण तीस किलोमीटर. पुण्यातून सिंहगड. त्या तेवढ्याशा जागेपायी एका शुक्रवारी रात्री अकरा वाजता मला सांगलीहून एका द्राक्षवाल्याचा फोन आला. "साहेब, हे हुथी म्हंजी नक्की कोण? आणि माझ्या मालाचं त्यांला काय?" खरं सांगतो, मला दोन वाक्यांच्या पुढे सांगता आलं नाही. पहाटेपर्यंत वाचत बसलो. येमेन, सना, २०१४, सौदी, इराण, गाझा. त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं, दुसऱ्याचं नाही. असा प्रश्न घेऊन श्रोता आला तर कुठलाही वक्ता 'बहुध्रुवीय' म्हणून सुटणार नाही.

काडीपेटी | रविवार, दुपारी ३:२५

पॉपकॉर्न खाली ठेवले. चालू द्या.

भूगोलाच्या_बाई | रविवार, सायंकाळी ६:००

मूळ प्रश्न नकाशाचा होता, त्यावर कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहिते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला.

काका, अप्पा बळवंत चौकात जगाचा लॅमिनेटेड नकाशा मिळतो, तो आणाच, पण त्याच्याबरोबर एक पृथ्वीगोल आणि लोकरीचा धागा न्या. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. हे सांगून पटत नाही, गोल हातात दिला की पटतं.

धाग्याचा प्रयोग असा. एकाला दिल्लीवर बोट ठेवायला सांगा, दुसऱ्याला सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि धागा ताणा. भिंतीवरच्या नकाशावर तो पॅसिफिकवरून आडवा जाईल असं सगळ्यांना वाटतं. गोलावर तो वर सरकतो, सैबेरियावरून थेट आर्क्टिकला टेकून अलास्कावरून खाली उतरतो. मग विचारा, मध्ये कोण आहे? रशिया. २०२२ नंतर अमेरिकी आणि युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, एअर इंडियाला मोकळं राहिलं. म्हणूनच जून २०२३ मध्ये त्यांचं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे मगादानला उतरवावं लागलं. मगादान! स्टालिनच्या काळात श्रमछावण्यांचं प्रवेशद्वार असलेलं गाव, आणि तिथे आपली माणसं, काही जण शाळेतल्या खोल्यांत गाद्यांवर, दुसऱ्या विमानाची वाट बघत. अमेरिकेत मुलं असलेले आई-बाप तुमच्या कोथरूडात घरटी एक तरी निघतील. त्यांना हा धागा समजावून सांगावा लागत नाही. आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं अरबी समुद्राकडून का वळतात, हे त्याच गोलावर तुमची नात दाखवेल.

अवांतर: नकाशा घेताना भारताची सीमा नीट बघून घ्या. काश्मीर कापलेले परदेशी छापाचे नकाशे ऑनलाइन सर्रास येतात. तसला भिंतीवर लावलात तर त्या दिवशी वक्त्याची गरज पडणार नाही.

उंबरठा | रविवार, रात्री ९:४५

मी फारसं लिहीत नाही इथे. पण कुणाला बोलवावं हा प्रश्न आहे म्हणून.

गणेशखिंडीकडे आमचा एक दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, तो मी विद्यार्थ्यांना देते. २०२१ मध्ये तिघं अफगाण मुलं होती, विद्यापीठात शिकणारी. १५ ऑगस्टला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलबी वाटली. नेहमीप्रमाणे त्यांचा पुडा घेऊन मी वर गेले. दार उघडंच होतं. तिघंही जमिनीवर बसलेले, मध्ये एकच फोन, काबूल पडत होतं. जिलबी तशीच हातात. मला काय बोलावं कळेना, मी पण खाली बसले. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "आंटी, आज आपका दिन है, आप जाइए."

पुढे बँका बंद, घरून पैसे येईनात. भाड्याचं मी काढलं नाही, त्यांनीच एक वही केली आणि दर महिन्याला बाकी लिहून माझ्याकडे सही घ्यायचे. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेत खेटे. एक जण पुढे जर्मनीला गेला, एक अजून पुण्यात आहे, कोंढव्यात. मराठी बोलतो, "चहा टाकू का" म्हणण्याइतकं तर पक्कं. वहीतली बाकी गेल्या वर्षी फिटली. मी नको म्हणत होते.

या शहरात इराणी, येमेनी, सुदानी, अफगाण मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात. आपण त्यांना घर देताना तीनदा विचार करतो आणि त्यांच्या देशावरचं व्याख्यान मात्र आपल्याच निवृत्त माणसाकडून ऐकतो. फक्त एक, त्याला बोलवलंत तर "तुमच्याकडे तालिबान आवडतं का लोकांना" असलं विचारू नका. आणि फोटो कुठे टाकू नका. त्याची आई अजून तिकडे आहे.

पेठेतला_पाहुणा | रविवार, रात्री १०:१०

उंबरठाताई, नमस्कार घ्या. यापुढे मी काय लिहिणार.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ८:५०

काका, एक व्यवहाराची गोष्ट. आम्ही डिपार्टमेंटला असताना प्रश्न चिठ्ठीवर घ्यायचो. माईक फिरवायचाच नाही. चिठ्ठीवर सात मिनिटांचं भाषण मावत नाही, आणि मागे बसलेल्या मुलीही लिहितात, ज्या एरवी तोंड उघडत नाहीत. ज्येष्ठ मंडळी पहिल्यांदा रागावतील. रागावू द्या.

राष्ट्रहित_प्रथम | सोमवार, सकाळी ९:१५

चिठ्ठ्या निवडणार कोण? तिथेच सेन्सॉरशिप सुरू होते.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ९:१८

तुम्ही निवडा. खरंच सांगतेय. कोथरूड लांब आहे का तुम्हाला?

राष्ट्रहित_प्रथम | सोमवार, सकाळी ९:४०

वारज्यात राहतो. बघतो.

कर्वेनगरचा_काका | सोमवार, रात्री ८:३०

मंडळी, दोन दिवस धागा नुसता वाचतोय. आज सकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊन आलो. नकाशा घेतला, सीमा बघून. गोल महाग वाटला, पण दुकानदार म्हणाला हा टेबलावरून पडला तरी फुटत नाही, आणि आमच्या हॉलमध्ये तो गुण लागणारच. लोकर घरची.

समितीत थोडी कुरकुर झाली. एक सदस्य म्हणाले, कांद्यावर कार्यक्रम म्हणजे आपला दर्जा घसरतोय. मी त्यांना बंदरावरच्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, मग द्राक्षावर करू. तेव्हा पुढच्या दुसऱ्या शनिवारी कांदा आणि द्राक्ष दोन्ही. निफाडकर, तुमच्या ओळखीचे अडते येतील का? मानधन देता येत नाही, जाण्यायेण्याचा खर्च देऊ. उंबरठाताई, तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय, घाई नाही, त्या मुलाला वाटलं तरच.

वेळ साडेसहा. वक्त्यांना प्रत्येकी पंचवीस मिनिटं, नंतर चिठ्ठ्या. वॉचमन साडेआठला दिवे घालवतो, त्यात बदल नाही.

निफाडकर | सोमवार, रात्री ९:०५

मामांशी बोललो. येतो म्हणाले, पण भाषण करणार नाहीत, विचाराल ते सांगतील. लाल, उन्हाळ, गोल्टी (बारीक कांदा) असं प्रत्येकी पाच-सात किलो घेऊन येतील दाखवायला. परत नेणार नाहीत, तेव्हा पिशव्या आणा. हॉलपाशी पिकअप लावायला जागा आहे का?

कर्वेनगरचा_काका | सोमवार, रात्री ९:१२

जागा करतो. सेक्रेटरींची गाडी त्या दिवशी काढायला लावतो.

काडीपेटी | सोमवार, रात्री ९:२०

मी पण येतोय. चहा आधी की नंतर?

कर्वेनगरचा_काका | सोमवार, रात्री ९:२४

आधी. गेल्या वेळचा चाळीस कप ओतून द्यावा लागला.